एक चाफा द्या

आईला चाफा हवा म्हणून आज नर्सरीत गेले. काकांनी विचारलं, “कुठला? सोनचाफा, हिरवा, की देवचाफा?” तिन्हींची पाटी वाचत बसले. हिरवा चाफा म्हणजे शास्त्रीय नावाने आर्टाबॉट्रिस, सीताफळाच्या कुळातला. फुलाचा देठ आकड्यासारखा वळलेला. देवचाफा प्लुमेरिया, अमेरिकेकडून आलेला. पान तुटलं की बोटाला पांढरा चीक. आणि सोनचाफा! वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये त्याला मिशेलिया चंपाका म्हटलं, आता तो मॅग्नोलिया या गटात गेलाय. नावातला पहिला शब्द बदलला, पण ‘चंपाका’ टिकलं. आपला चंपक! मला भरूनच आलं. सोनचाफाच आणलाय, एक कळी उमलायच्या बेतात आहे. आई सारखी जाऊन वास घेतेय.