टाइमशीटमध्ये कोड मिळेपर्यंत

आमच्या विमा कंपनीत बिझनेस ॲनालिस्ट नेमके किती, हे एचआरलाही सांगता येत नव्हतं. क्लेम्समधल्या ताईंचं पद ‘प्रोसेस एक्सलन्स’, आयटीतल्या मुलाचं ‘फंक्शनल कन्सल्टंट’. एजंट पोर्टलवाला स्वतःला प्रॉडक्ट ओनर म्हणवून घ्यायचा, तर काही जण व्हेंडरच्या पगारावर आमच्याच मजल्यावर बसायचे. काम मात्र सगळ्यांचं एकच. विभागाला काय हवंय ते खणून काढायचं, प्रोग्रॅमरला कळेल असं लिहायचं आणि यूएटीत, म्हणजे वापरणाऱ्यांकडून होणाऱ्या शेवटच्या चाचणीत, दोन्हीकडून बोलणी खायची. एकमेकांशी ओळख जेमतेम लिफ्टपुरती.

या मंडळींचा एक गट बांधायचं काम मी अंगावर घेतलं. पहिला वाद निघाला तो सभासद कोणाला म्हणायचं यावर. पदनाम बघायचं नाही, रिक्वायरमेंट लिहितो तो आपला, असं ठरलं.

गटातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा आग्रह होता की सुरुवात शिस्तीत व्हावी. आयआयबीए या आंतरराष्ट्रीय संस्थेचं ‘बॅबॉक’ नावाचं मार्गदर्शक आहे, त्याची तिसरी आवृत्ती 2015 ची. त्यात या कामाची सहा ज्ञानक्षेत्रं मांडली आहेत. दर बैठकीत एक क्षेत्र, स्लाइड्ससकट. पहिल्या बैठकीला खोली भरली, पुढच्या वेळी निम्मी रिकामी, आणि त्यानंतर कॅमेरे बंद करून ईमेल निपटणारी मंडळी तेवढी उरली. बॅबॉक मला आवडतं. अडलं की उघडून बघावं असं ते आहे, पण शुक्रवारी दुपारी कोणीतरी वाचून दाखवावं असं नाही.

त्या सुमारास ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाबद्दल वाचलं. झेरॉक्स कंपनीत असताना त्याने फोटोकॉपी मशिनं दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांचा अभ्यास केला होता. नियमावलीत न सापडणारे बिघाड ही माणसं खाता-पिताना एकमेकांना किस्से सांगून सोडवायची. मग आम्ही स्लाइड्सवर सरळ बंदीच घातली. दर गुरुवारी एकाने आपलं अडलेलं काम आणायचं, तेही अर्धवट अवस्थेतच. बाकीच्यांनी आधी फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला शेवटी. सुरुवातीला कोणी काही आणेना. अर्धवट कागद चारचौघांत दाखवायची सवय कोणाला असते? म्हणून पहिले काही आठवडे माझेच कागद टेबलावर असायचे.

गट खरा उभा राहिला तो जीएसटीमुळे. 3 सप्टेंबर 2025 ला जीएसटी परिषदेने वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा 18 टक्के कर काढायचं ठरवलं, आणि अंमल 22 सप्टेंबरपासून. वरवर पाहता काम एका ओळीचं, 18 च्या जागी शून्य. प्रत्येक विभागाने आपापल्या ॲनालिस्टला कामाला लावलं आणि प्रत्येकाने स्वतंत्र कागद लिहायला घेतला. त्या गुरुवारी हे सगळे कागद आम्ही शेजारी शेजारी उघडले.

रिन्यूअलवाल्याचा प्रश्न होता की देय तारीख 22 च्या आधीची, पण पैसे वाढीव मुदतीत, म्हणजे 22 नंतर आले तर कर लावायचा का? तीन कागदांत याची तीन उत्तरं होती, आणि तिन्ही अंदाजाने लिहिलेली. पॉलिसीत मध्येच बाळाचं नाव जोडलं तर मूळ हप्ता कर भरलेला आणि वाढीव हप्ता करमुक्त, मग एकाच पॉलिसीच्या पावत्यांवर दोन दर कसे छापायचे, हे एन्डॉर्समेंटवालीने काढलं. जुनी पॉलिसी आता रद्द झाली तर परताव्यात कराचं काय? करासकट रक्कम छापून आधीच गेलेल्या नोटिसांचं काय? समूह विम्यावरचा कर कायम होता, त्यामुळे जिथे दोन्ही प्रकार एकाच कोडमधून जात होते तिथे सरसकट शून्य घालून चालणार नव्हतं. फायनान्सच्या सिस्टिम बघणारा मुलगा शेवटपर्यंत गप्प होता. मग हळूच म्हणाला, “एजंटांच्या कमिशनवरच्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे वजावट, आता वैयक्तिक पॉलिसींपुरतं मिळणार नाही. हे कोणाच्या कागदात आहे?” कोणाच्याच नव्हतं.

आम्ही सगळ्यांची मिळून एकच प्रश्नावली केली आणि ती करविभागाकडे नेली. तिथले साहेब आधी वैतागले, कारण यातले काही प्रश्न वेगवेगळ्या लोकांकडून त्यांच्याकडे येऊन गेले होते. पण सगळं एकत्र पाहिल्यावर स्वतः खुर्ची ओढून बसले. उत्तरं एकदाच आली, सगळ्यांनी तीच वापरली.

त्याआधी विभागप्रमुखांचं पालुपद ठरलेलं असायचं, “माझ्या माणसाचा वेळ तुम्ही कशाला घेता?” ते चुकीचं होतं असंही नाही. आमच्याकडे प्रत्येक तास कुठल्या ना कुठल्या प्रोजेक्टवर पडतो. ज्या तासाला टाइमशीटमध्ये कोड नाही तो तास चोरीचा. ऑपरेशन्सच्या प्रमुख मॅडमकडे मी ती प्रश्नावली घेऊन गेले. भाषण तयार होतं, पण ते करावं लागलं नाही. त्यांनी कागद वाचला आणि विचारलं, “कोड कोणाच्या बजेटमध्ये टाकायचा?” माझ्या मते गटाची स्थापना त्या दिवशी झाली. लोगो, नाव, उद्दिष्टांचा तक्ता वगैरे आधी करून ठेवलं होतं, त्याची कोणी विचारपूस केली नाही.

मॅडम मग स्वतः बैठकांना येऊ लागल्या आणि लोक गप्प झाले. साहेबासमोर अर्धवट कागद कोण उघडणार? त्यांना हे सांगणं अवघड होतं. सांगितल्यावर मात्र हसल्या आणि तीन महिन्यांतून एकदाच येऊ लागल्या. भाषेचंही पथ्य पाळावं लागलं. पुण्याची माणसं रंगात आली की मराठीत शिरतात आणि चेन्नईच्या सहकारी स्क्रीनवर नुसत्या बघत बसतात. म्हणून बैठक इंग्रजीत, मराठी नंतरच्या चहाला.

सीबॅप या आयआयबीएच्याच बिझनेस ॲनालिस्टसाठीच्या परीक्षेचा अभ्यासगट वेगळा निघाला. त्या परीक्षेच्या अर्जासाठी गेल्या दहा वर्षांतला 7,500 तासांचा अनुभव मांडावा लागतो, आणि ते तास जुन्या प्रोजेक्टांतून शोधून काढताना लोक एकमेकांना मदत करतात. बढतीच्या शिडीवर मात्र काही हललेलं नाही. आमच्याकडे ॲनालिस्टला वर जायचं तर अजूनही प्रोजेक्ट मॅनेजरच व्हावं लागतं. एचआरने आमच्याकडून कौशल्यांचा तक्ता लिहून घेतला, तो त्यांच्याकडेच आहे.

व्हेंडरच्या मंडळींना आमचं सामायिक फोल्डर अजून उघडत नाही. माहिती सुरक्षा विभागाचं म्हणणं रास्त आहे, कारण आमच्या कागदांत कधीकधी खऱ्या ग्राहकांची उदाहरणं असतात. ती पुसून नवं फोल्डर करायचं काम क्लेम्सच्या ताईंनी घेतलंय. पुढचा विषय डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा आहे. ग्राहकाची संमती आम्ही प्रपोजल फॉर्म, ॲप, कॉल सेंटर अशा अनेक ठिकाणी घेतो आणि प्रत्येक ठिकाणचा मजकूर निराळा आहे. सगळे मजकूर गोळा करून गुरुवारी टेबलावर टाकायचे आहेत. कॉल सेंटरचा तेवढा अजून हाती आलेला नाही.