कडक फोर्कला आणखी कडक स्प्रिंगा

"पुढचे शॉक फार कडक झालेत, मनगटं दुखतात. मऊ स्प्रिंगा टाक," काका म्हणाले. गाडी म्हणजे सत्तरच्या दशकातली मोटरसायकल, जिवापाड जपलेली. पुढचे शॉक म्हणजे तिचा फोर्क, चाक धरणारे स्प्रिंगचे दोन पाय.

स्प्रिंगा मागवण्याआधी मी मोजमाप घेतलं. पुढचं चाक उचलून फोर्कवरचं वजन पूर्ण काढलं, फोर्क किती दबतो ते कळावं म्हणून पाईपवर सीलला लागून झिप टाय बांधली (दबताना सील तिला ढकलत नेतं), चाक खाली टेकवून काकांना अलगद बसवलं. फोर्क दबण्याची एकूण चाल १२० मिमी, आणि त्यातली ६२ त्यांच्या नि गाडीच्या वजनानंच संपली! नुसत्या वजनानं चाल साधारण पाव ते एक तृतीयांश दबावी, इथे निम्म्याहून जास्त. खड्डा येण्याआधीच फोर्क बसलेला. उरलेल्या चालीत फोर्कमधली ऑइलवरची हवा दाबली जाऊन ताठ होते आणि हाताला तोच ताठपणा लागतो. स्प्रिंगा बाहेर काढल्या, तर मॅन्युअलमधल्या किमान लांबीपेक्षाही १४ मिमी आखूड.

फोर्कमधलं ऑइलही २० ग्रेडचं, म्हणजे घट्ट, भरलेलं. ब्रेक मारल्यावर गाडी डुबकी मारते म्हणून घट्ट ऑइल ओतलेलं मी वारंवार पाहतो आणि दर वेळी वाईट वाटतं. या जुन्या फोर्कमध्ये डॅम्पर रॉडला, म्हणजे हालचाल आवरणाऱ्या आतल्या नळीला, नुसती भोकं असतात. त्यातून ऑइल जाताना विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो : वेग दुप्पट, विरोध जवळपास चौपट. म्हणून ब्रेकच्या संथ डुबकीला तो अपुरा पडतो आणि खड्ड्याच्या फटक्याला भिंतीसारखा आडवा येतो. शिवाय घट्ट ऑइलमुळे दबलेला फोर्क उशिरा वर येतो. पाठोपाठ खड्डे आले की दर वेळी आणखी खाली बसत जातो.

"काका, कडक स्प्रिंगा टाकू आणि ऑइल पातळ करू."

"अरे, आधीच कडक आहे म्हणतोय मी!"

तरी त्यांनी विश्वास ठेवला. स्प्रिंगेवरची स्पेसर नळी दोनदा कापावी लागली, तेव्हा वजनानं दबणं ३८ मिमीवर आलं. १० ग्रेडचं पातळ ऑइल भरलं; स्प्रिंग काढून फोर्क पूर्ण दाबलेला असताना त्याची पातळी पाईपच्या वरच्या टोकापासून १४० मिमी खाली, दोन्ही पायांत अगदी सारखं. चाकाच्या एक्सलचा क्लॅम्प मात्र फोर्क चार-पाचदा दाबून पाईप समांतर झाल्यावरच आवळला. नाहीतर पाईप अडकतात आणि सगळी मेहनत वाया.

काका चक्कर मारून आले. झिप टाय ९८ मिमीवर थांबली होती, मोठ्या खड्ड्यासाठी २२ शिल्लक. हातमोजे काढून मनगट फिरवत ते म्हणाले, "मागचेही असेच मोजशील?"