एट वन वन

मी स्पीच थेरपिस्ट. स्ट्रोकमध्ये वाचा गेलेल्या माणसाकडे पहिल्या भेटीत मी शब्द मागत नाही, पाठ असलेल्या ओळी मागते. एक ते दहा आकडे, वारांची नावं, वाढदिवसाचं गाणं. पुण्यात होते तेव्हा पाढे किंवा ‘शुभं करोति’. स्वतःचं नाव न सांगता येणारी आजी ‘दिव्या दिव्या दीपत्कार’ न अडखळता म्हणून मोकळी व्हायची आणि मुलगा माझ्याकडे असा बघायचा, की इतके दिवस आई नाटक करत होती की काय! नाटक नसतं ते. तोंडपाठ बोलणं आणि विचार करून वाक्य जुळवणं यांत फरक आहे, आणि लंडनच्या ह्यूलिंग्ज जॅक्सन या डॉक्टरांनी तो एकोणिसाव्या शतकातच नोंदवून ठेवलाय. शिव्याही पहिल्या प्रकारात मोडतात. त्यामुळे आमच्या वॉर्डात अधूनमधून फार सुस्पष्ट उच्चार ऐकू येतात.

इंग्लंडमध्ये माझी पंचाईत अशी, की इथल्या माणसांना लहानपणापासून काय पाठ आहे हे मला पाठ नाही. बडबडगीतं शिकले, फुटबॉल क्लबांची गाणी शिकले. पण ते शनिवारचे पेशंट यांपैकी कशालाच दाद देईनात. साठीला टेकलेले, जन्मभर लॉरी चालवलेले गृहस्थ. मनातल्या मनात मी त्यांना काकाच म्हणायचे. उजवा हात हलत नव्हता. ऐकलेलं बरंचसं कळायचं, पण तोंडातून निघायचा तो एकच आवाज, ‘टा’. आकडे म्हणून पाहिले, ‘टा’. वार, ‘टा’. शेवटी त्यांनी मान खिडकीकडे वळवली. हा माझ्यासाठी निरोपच असतो.

खाटेशी ‘माझ्याविषयी’ नावाचा कागद लावलेला असतो, घरच्यांनी भरलेला. त्यावर चहात साखर किती, कुत्र्याचं नाव काय, आणि खाली एक ओळ: ‘लहानपणी एकदा स्वॉप शॉपला फोन लागला होता.’ त्यांच्या बायकोला, म्हणजे बाईंना, मी विचारलं, हे कुठलं दुकान?

“दुकान नव्हे, लव्ह, टीव्हीवर होतं,” त्या म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या.

बीबीसी वनवर ऑक्टोबर १९७६ पासून मार्च १९८२ पर्यंत शनिवारी सकाळी हा कार्यक्रम लागायचा. जवळजवळ तीन तास, सगळा थेट. नोएल एडमंड्स निवेदक. मुलांनी फोन करून सांगायचं, माझ्याकडे अमुक खेळणं आहे, मला तमुक हवंय, कोणी अदलाबदल करतं का? मधे कार्टून, गाणी, जॉन क्रेव्हनच्या बातम्या, पोश पॉज नावाचा जांभळा डायनासोर. स्टुडिओत आलेल्या गायक-नटांनाही मुलं फोनवरून प्रश्न विचारायची. सहनिवेदक कीथ चेग्विन कुठल्यातरी गावात मैदानावर उभा, भोवती खेळणी घेऊन आलेली शेकडो पोरं. हे ऐकताना मला नवल वाटत होतं ते फोनचं. त्याच काळात आपल्याकडे घरी फोन यायला वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. मुंबई दूरदर्शनच्या निवेदिकेला आपण पत्र लिहू शकत होतो, तेही आईने पोस्टकार्ड दिलं तर.

“पण मी नव्हते हं बघत तसलं,” बाई म्हणाल्या. “आमच्याकडे टिझवॉझ.”

म्हणजे समोरच्या आयटीव्हीवरचा कार्यक्रम. बर्मिंगहॅमच्या एटीव्हीने १९७४मध्ये सुरू केलेला. स्वॉप शॉप शहाण्या मुलांचं, टिझवॉझ वाह्यात मुलांचं, अशी तेव्हा शाळाशाळांतून वाटणी होती म्हणे. तिथे बादल्यांनी पाणी ओतायचे, मोठ्या माणसांना पिंजऱ्यात कोंडायचे, आणि एक काळा बुरखेधारी येऊन कोणाच्याही तोंडावर फेसाळ क्रीम-पाय (केकसारखा पदार्थ) थापून जायचा. सूत्रधारांपैकी एक होता क्रिस टॅरंट. पुढे त्यानेच तो करोडपतीचा मूळ इंग्रजी कार्यक्रम चालवला, ज्याच्यावरून आपला ‘केबीसी’ आला. बाई रंगात आल्या होत्या. क्रीम-पायचं वर्णन हातवाऱ्यांसकट चाललं होतं. स्वॉप शॉप म्हणजे शनिवारी भरलेली शाळा, असंही त्या म्हणाल्या.

काकांची मान खिडकीकडून परत वळली. डावा हात टेबलावर आपटला. आणि शाळेत हजेरी द्यावी तशा खणखणीत आवाजात आकडे आले: ०१, ८११, ८०५५.

स्वॉप शॉपचा फोन नंबर. नोएल एडमंड्स दर शनिवारी तो इतक्यांदा सांगायचा, की त्या पिढीला स्वतःच्या घरचा नंबर आठवला नाही तरी हा आठवतो. बाईंनी तोंडावर हात धरला. मग रडल्या, हसल्या, मुलीला फोन लावून ‘बाबा बोलले!’ म्हणाल्या.

मला तिथेच बसून त्यांना समजवावं लागलं, आणि ते काम मला मुळीच आवडत नाही. हा नंबर म्हणता येणं म्हणजे बोलता येणं नव्हे. उद्या त्यांना पाणी मागता येईलच असं नाही. पण जिभेला, ओठांना, आवाजाला काही झालेलं नाही हे आता आपल्याला दिसलं. आणि धरायला एक कडी मिळाली.

ती कडी धरून मी लगेच पुढे गेले. टेबलावर ठेका धरून दोघांनी मिळून नंबर म्हटला. मग मी ‘एट वन वन, एट ओ’वर थांबले, ‘फाइव फाइव’ त्यांनी पुरं केलं. मग नुसतं ‘एट’ म्हणून थांबले, ‘वन वन’ आलं. इथवर झकास. तेवढ्यात चहावाली आली. साखर किती?

“एट वन वन.”

दूध?

“एट वन वन.”

यालाही आमच्याकडे नाव आहे. एकदा सुटलेला शब्द चिकटून बसतो आणि दुसऱ्याला वाट देत नाही. अशा वेळी थांबायचं, विषय बदलायचा, थोडा वेळ जाऊ द्यायचा. चुकीचं येतंय हे काकांना कळत होतं. तिसऱ्यांदा आलं तेव्हा ते स्वतःच हसायला लागले, वॉर्डात आल्यापासून पहिल्यांदा. चहावालीने विचारलं, आठशे अकरा चमचे एका कपात मावतील का?

त्या आठवड्यात आम्ही आकड्यांवरच काम केलं. कॅलेंडर, घड्याळ, घराचा नंबर. ‘वन’ आणि ‘फाइव’ कधीकधी योग्य जागी यायचे, बहुतेकदा यायचे नाहीत. पुढच्या शनिवारी बाई टॅब्लेट घेऊन आल्या. त्यावर टिझवॉझची जुनी क्लिप, पिंजरा, बादल्या, आरडाओरडा. नवऱ्यापुढे धरून म्हणाल्या, “बघ तरी, खरी मजा कुठे होती!”

काकांनी डाव्या हाताने टॅब्लेट पालथा घातला आणि म्हणाले, “नो.”

मी फाइलमध्ये लिहिलं: एक शब्द, उत्स्फूर्त, संदर्भाला धरून. बाईंनी मान उंचावून विचारलं, “काय लिहिलंत? तो चुकतोय हे लिहिलंत का?”