चुकीच्या जागी रुळलेले दात

एक्सलमधली क्राउन-पिनियनची, म्हणजे मोठ्या चकतीसारख्या गिअरची आणि त्याला फिरवणाऱ्या लहान गिअरची, जोडी काही हजार किलोमीटर चालली की तिचे दात जिथे एकमेकांवर घासतात तिथे रुळतात, आणि ती पुन्हा उघडायची वेळ आलीच तर नव्या जोडीसारखी न जुळवता जुन्या ठशावरच, म्हणजे दात आधी जिथे टेकत होते तिथेच, परत बसवावी, असा आमच्या कामातला सर्वमान्य नियम आहे. पण पहिल्यांदाच ती चुकीच्या जागी बसवलेली असेल, तर हा नियम पाळायचा की मोडायचा? घरच्या शेडमध्ये अशीच एक जोडी हाताखाली आली आणि मी निर्णय घेतला, तरी तो प्रश्न अजून डोक्यातून गेलेला नाही.

गाडी डोंगर-दगडांत चालवायची फोर-व्हील ड्राइव्ह होती आणि मागचा एक्सल डाना 44 या मॉडेलचा. मालकाने 33 इंची टायर टाकल्यावर गाडीची ओढ कमी झाली, म्हणून एका वर्कशॉपमधून त्याने दोन्ही एक्सलच्या गिअरचे प्रमाण 4.10 वरून 4.56 करून घेतले होते. म्हणजे क्राउनचे दात तेच 41, पण पिनियनचे 10 ऐवजी 9. तेव्हापासून ताशी साठाच्या पुढे गेले की मागून घोंघावल्यासारखा आवाज येई आणि ॲक्सिलरेटर सोडला की त्याचा सूर बदले. बेअरिंगची घरघर अशी सूर बदलत नाही, त्यामुळे रोग दातांत आहे हे उघडण्यापूर्वीच कळले होते.

तेल काढून मागचे झाकण उघडले आणि काहीही सैल करण्याआधी आहे त्या स्थितीत मापे घेतली. ही पायरी बरेच जण गाळतात, आणि एकदा खोलल्यावर मूळ दोष कुठे होता हे कोणालाच सांगता येत नाही. डायल गेज दाताच्या बाहेरच्या टोकाला काटकोनात लावून, पिनियन घट्ट धरून, क्राउनवर चार ठिकाणी बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळी फट, पाहिला. सगळीकडे 0.20 मिलिमीटर, म्हणजे 0.15 ते 0.25 च्या मर्यादेत अगदी मधोमध. बेअरिंग कॅपही आपापल्या बाजूलाच बसवलेल्या होत्या. मग पिवळी मार्किंग पेस्ट काही दातांना लावली, क्राउनला पॅड दाबून थोडा अडसर दिला आणि पिनियन दोन्ही दिशांना फिरवला. ठसा दाताच्या माथ्याला चिकटून उमटला. ओढीच्या, म्हणजे फुगीर अंगावर तो बाहेरच्या टोकाकडे सरकलेला होता, तर खोलगट अंगावर आतल्या टोकाकडे. पेस्ट पुसली तर त्याच जागी झिजून चकचकीत झालेला अरुंद पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. पिनियन पुरेसा खोल बसवलेलाच नव्हता.

बॅकलॅश आला की काम झाले, ही समजूत या धंद्यात खोलवर रुजलेली आहे. बॅकलॅश एवढेच सांगतो की दातांमध्ये फट किती आहे. दात एकमेकांना कोणत्या उंचीवर भेटतात याबद्दल तो काहीही सांगत नाही. पिनियन उथळ ठेवून क्राउन त्याच्याकडे ढकलला तरी डायलवर हवा तो आकडा मिळतो, आणि झाकण बंद करणाऱ्याला समाधानही मिळते.

मालकाने जुनी जोडी खोक्यात जपून ठेवली होती, हे फार चांगले केले. पिनियनच्या तोंडावर कारखान्यात कोरलेला एक छोटा आकडा असतो. आदर्श खोलीपासून त्या विशिष्ट पिनियनचा फरक किती, हे तो इंचाच्या हजाराव्या भागांत सांगतो. जुन्या पिनियनवर +2 होता आणि नव्यावर −1. म्हणजे खोली ठरवणाऱ्या शिमांची, म्हणजे पातळ चकत्यांची, जाडी 0.003 इंचाने, सुमारे 0.076 मिलिमीटरने, वाढवायला हवी होती. पिनियन बाहेर काढला, आतल्या बेअरिंगचा कप, म्हणजे बाहेरची कडी, ठोकून काढला, तर त्यामागे जुन्या तेलाने काळवंडलेले, मूळचेच शिम जसेच्या तसे होते. ज्याने गिअर बसवले त्याने तो आकडा वाचलाच नव्हता. हे मला अजून खटकते, कारण तो वाचायला कोणतेही महागडे हत्यार लागत नाही.

डाना 44 मध्ये खोलीचे शिम कपाच्या मागे असल्यामुळे प्रत्येक बदलासाठी केज, म्हणजे क्राउन जिच्यावर बसतो ती चौकट, उतरवायची, पिनियन काढायचा आणि कप ठोकून काढायचा असतो. हा त्रास टाळण्यासाठी मी एका जुन्या कपाचा बाहेरचा व्यास घासून थोडा कमी केला आहे, आणि जुन्या बेअरिंगची आतली भोकेही घासून मोठी केली आहेत. त्यामुळे जुळवणी चालू असताना सगळे हाताने बसते आणि हाताने निघते. नवे बेअरिंग अगदी शेवटी, शिम नक्की झाल्यावरच दाबायचे. खोलीसाठी जितका शिम कपाच्या मागे वाढवला, तितकाच पिनियनच्या प्रीलोडच्या, म्हणजे बेअरिंगवर आधीच दिलेल्या दाबाच्या, शिमांतही वाढवावा लागतो; नाहीतर दोन्ही कप एकमेकांपासून लांब जातात आणि बेअरिंग आवळली जातात. शिवाय पिनियन आत गेला की बॅकलॅश घटतो, म्हणून क्राउनच्या बाजूचा शिम काढून पलीकडे टाकायचा आणि दोन्ही बाजूंची बेरीज मात्र कायम ठेवायची. एका जागी हात लावला की बाकीच्या सगळ्या जागा हलतात, आणि हे काम घाईने होत नाही ते याचमुळे. केज न बसवता, नुसता पिनियन फिरवायला लागणारा जोर नव्या बेअरिंगना 20 ते 40 पौंड-इंच यायला हवा. तो काट्याच्या टॉर्क रेंचवर नट फिरत असतानाच वाचायचा.

आकड्यांच्या हिशेबाने 0.003 इंच वाढवले. ठसा खाली आला, पण मध्याच्या किंचित वरच राहिला. आणखी 0.002 दिल्यावर मात्र दोन्ही अंगांवर तो मूळ आणि माथा यांच्या बरोबर मधोमध उमटला, कडा विरळ होत गेलेल्या, जसा असायला हवा तसा. नवी जोडी असती तर मी तिथेच समाधानाने थांबलो असतो.

पण ही जोडी नवी नव्हती. त्या सुंदर ठशाच्या वर, दाताच्या माथ्याजवळ, जुना झिजलेला पट्टा तसाच दिसत होता. मालक शेजारी उभा होता. "काका, आता आवाज जाईल ना?" त्याने विचारले. मी त्याला खरे तेच सांगितले: "आवाज जाईल असं वचन देत नाही. दात टिकतील, एवढं सांगतो."

जुन्या जागी परत ठेवली असती तर निदान आवाज वाढला नसता. पण माथ्यावर भार घेणाऱ्या दाताच्या मुळाशी वाकवणारा जोर जास्त पडतो, आणि अरुंद पट्ट्यावर सगळा दाब आल्याने कडेचे टवके उडतात. गाडी फक्त सपाट रस्त्यावर चालणारी असती तर मी कदाचित नियम पाळला असता; लो रेंजमध्ये, म्हणजे हळू पण जास्त ओढीच्या गिअरमध्ये, दगडावर एक चाक अडकवून ओढणाऱ्या गाडीला ते परवडत नाही. तिसरा मार्ग म्हणजे नवी जोडी आणणे, आणि तोच सर्वांत बरोबर होता. पण दोन्ही एक्सलवर एवढ्यात खर्च करून बसलेल्या माणसाला तो पटेना. जुनी 4.10 परत घालण्याचाही उपाय नव्हता, कारण पुढे 4.56 आणि मागे 4.10 अशी गाडी फोर-व्हीलमध्ये चालवता येत नाही. मी खोल ठशावरच बसवायचे ठरवले, नवे बेअरिंग दाबले आणि जीएल-5 प्रतीचे गिअर तेल भरले. हायपॉइड, म्हणजे पिनियन क्राउनच्या मध्यरेषेपासून बाजूला असलेल्या, जोडीचे दात लोळण्याबरोबर एकमेकांवर घसरतातही, त्यामुळे तिथे त्याहून हलक्या प्रतीचे तेल चालत नाही. पहिल्या फेऱ्या पंधरा-वीस मिनिटांच्या, मग थंड होऊ देणे, आणि 800 किलोमीटरपर्यंत ओढकाम नाही, असे त्याला बजावले.

800 किलोमीटरनंतर तेल बदलायला तो आला तेव्हा मी झाकण उघडून पाहिले. तेलातले लोखंडी कण पकडणाऱ्या चुंबकावर बारीक करडा लेप होता, टवका एकही नव्हता. दाताच्या मध्यावर नवा चकचकीत पट्टा तयार होऊ लागला होता. ओढीचा आवाज जवळजवळ गेला आहे. ॲक्सिलरेटर सोडल्यावरचा मात्र त्याच वेगाला, पूर्वीपेक्षा बारीक सुरात, अजून ऐकू येतो. तो जुन्या आणि नव्या पट्ट्यामधल्या कडेचा असेल तर रुळून विरेल. नाही विरला तर नवी जोडी आणण्यासाठी मी तेव्हाच आणखी जोर धरायला हवा होता का, हे मला ठरवावे लागेल.