पुढच्या रांगेतले पाहुणे

शनिवार, रात्री उशिरा

गाण्याच्या बैठकीच्या पत्रिकेवर वेळ साडेसहाची होती, षड्ज, म्हणजे पहिला सा, कानावर पडला पावणेआठला. मधल्या वेळात दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांचा सत्कार, सत्काराला उत्तर आणि मग ज्यांच्या हस्ते सत्कार झाला त्यांचाही सत्कार. शाल-श्रीफळ घेतल्याशिवाय आपल्याकडे माणूस स्टेजवरून खाली उतरत नाही.

तेवढ्यात एसीनं तानपुऱ्यांचे सूर उतरले. गाणाऱ्या बाईंनी ते स्टेजवरच परत लावायला घेतले आणि सभागृहाला वाटलं, आता आपली पाळी. लग्नं, गुडघे, पोरांच्या बदल्या सगळं निघालं. माझ्या मागच्या बाई शेजारणीला म्हणाल्या, "सुरू कधी करणार गं? नुसतं वाजवतच बसल्यात." तानपुरा जुळताना ऐकणं हे खरं तर फुकटात मिळणारं सुख आहे. खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या सुराच्या, तारेखालचा जवारीचा दोरा केसाएवढा सरकला की आवाज एकदम उघडतो. पण ते कळायला शांतता लागते, आणि ज्यांना सर्वांत जास्त शांतता हवी होती त्या बाई तारेला कान लावून, डोळे मिटून, आमच्या गोंगाटातून पंचम शोधत होत्या.

शुद्ध कल्याण राग सुरू झाला. विलंबित तीनताल, म्हणजे सोळा मात्रांचा ताल, संथ लयीत. जयपूर घराण्याच्या गाण्यात लय फार सैल सोडत नाहीत, आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, वीस-पंचवीस सेकंदांचं असेल. त्या आवर्तनाच्या आत आलापाची एक गोष्ट सुरू होते, वळते आणि कळायच्या आत मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन टेकतो. दुसऱ्या की तिसऱ्याच आवर्तनात पहिल्या रांगेतले मान्यवर उठले. शाल खांद्यावर, नारळ ड्रायव्हरच्या हातात. ते उठले म्हणून त्यांचे कार्यकर्ते उठले, कार्यकर्ते उठले म्हणून फोटोग्राफर उठला. पोचवायला म्हणून संस्थेचे दोन पदाधिकारीही गेले. पंधरा मिनिटांत पहिल्या रांगेतले सोफे रिकामे.

मागे पायऱ्यांवर माणसं बसली होती. त्यातल्या एका आजोबांना मी खुणेनं पुढं बोलावलं, तर स्वयंसेवक पोरगा धावत आला. "काकू, राखीव हाय ते." म्हटलं, कुणासाठी? ते गेले की. "येतील परत." कुणी आलं नाही. मध्यंतरापर्यंत बाई समोरच्या मोकळ्या सोफ्यांकडे बघत गायल्या.

मोबाइलवर वेगळं काय लिहायचं? वाजले. एकाचा तर आरतीवर लावलेला होता, सुखकर्ता पूर्ण झालं, दुःखहर्ताही झालं, मग त्यांना खिसा सापडला. आणि फोन बंद न करता त्यांनी उचलला. तोंडावर हात धरून, म्हणजे स्वतःच्या समजुतीनं अगदी हळू, "गाण्याला आलोय रं. न्हाई न्हाई, बोल की तू." बोल की तू! आमच्या रांगेतल्या सगळ्यांना आता ठाऊक आहे की कागलच्या प्लॉटचा व्यवहार अडलाय.

पण आज एक पोरगा बघितला. असेल नऊ-दहा वर्षांचा, आईबरोबर, माझ्या डाव्या हाताला. तबला शिकत असणार, कारण अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता, करंगळीपासून तर्जनीपर्यंत, प्रत्येक बोटावर चार, चार बोटांच्या सोळा मात्रा. सुरुवातीला त्याची मोजणी आणि सम जुळत नव्हती. मग जुळायला लागली. एका आवर्तनात बाईंनी मुखडा असा काही ओढला की आता सम चुकते असंच वाटावं, आणि त्याचा अंगठा तर्जनीच्या टोकाशी थबकला. सम आली तसा तो खुर्चीतच उडाला आणि आईकडे बघून हसला. आई म्हणाली, "नीट बस."

आख्ख्या सभागृहात त्या क्षणी इतकं नीट दुसरं कुणीच बसलेलं नव्हतं.

मध्यंतरानंतर बसंती केदार. एका फुंकरीत वसंत आणि पुढच्या फुंकरीत केदार, आणि सांधा कुठं आहे ते दिसू द्यायचं नाही, ही या घराण्याची जोडरागांची खोड. तिथं मात्र मागच्या बाजूनं दोन-तीनदा अगदी वेळेवर "वाहवा" आली. फार मोठ्यानं नाही, सुटून गेलेली. बाईंनी त्या दिशेला मान वळवली आणि तीच जागा जरा वेगळी करून परत दाखवली. म्हणजे आम्हा सगळ्यांना ती जागा दुसऱ्यांदा मिळाली, त्या मागच्या माणसामुळं.

आणि शेवटी भैरवी. भैरवी म्हणजे शेवट हे आपल्या लोकांना पक्कं ठाऊक आहे. एवढं एकच रागज्ञान सर्वांना आहे. पहिला स्वर लागला तशा चपला सरकल्या, किल्ल्या वाजल्या, पार्किंग तुंबायच्या आत गाडी काढायची म्हणून निम्मं सभागृह दाराशी. याच घराण्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानातल्या तबकडीवरून सूर्यमालेबाहेर निघाली, बंदिश 'जात कहाँ हो'. आमच्या दाराशी कुणी तरी हाच प्रश्न विचारायला हवा होता.

रविवार, सकाळ

भाचा मिसळ घेऊन आला. त्याला कालचं सगळं सांगितलं तर म्हणाला, "मावशी, पण तुमच्या गाण्याला येऊन करायचं काय? हलायचं नाही, बोलायचं नाही, टाळी वाजवली की लोक वळून बघतात. आमच्या शोला ये एकदा. तिथं गप बसलीस तर लोक विचारतील, बरं नाही का म्हणून."

त्याचं सगळंच चूक नाही. गप बसणं म्हणजे ऐकणं, असं मानणारी एक जमात आमच्यात आहेच. हात बांधून, चेहरा कोरा ठेवून, कुणी दाद दिली की कपाळाला आठी. त्यांच्यासमोर गाणं फार अवघड असतं. हे मी ऐकीव सांगत नाही. कॉलेजात असताना आणि नंतरही काही वर्षं मी आमच्या गुरुजींच्या मागे तानपुऱ्यावर बसायची. तानपुरा धरला की काम एकच, लय सोडून सारखं छेडत राहायचं. घड्याळाकडे बघायचं नाही, जांभई द्यायची नाही, डोळे मात्र मोकळे. तिथून सभागृह पूर्ण दिसतं. कोण पेंगतंय, कोण पत्रिकेचा पंखा करतंय, कोण समेच्या आधीच श्वास रोखून बसलंय. आताच्या मुली सांगतात, अंधारात हनुवटीखालून निळा उजेड पडलेली तोंडं ओळीनं दिसतात.

गुरुजी पहिल्या दहा मिनिटांत एक माणूस निवडायचे आणि त्याच्यासाठी गायचे. तो कधीच पहिल्या रांगेत नसायचा. एकदा एक मळक्या टोपीचे गृहस्थ होते, खांबाला टेकून, डोळे मिटलेले. मला वाटलं झोपलेत. त्या रात्री गुरुजी त्यांच्याकडे बघूनच गायले, आणि एका जागी त्या गृहस्थांनी डोळे न उघडता फक्त बोट वर केलं. कार्यक्रमानंतर गुरुजींनी मला विचारलं, "बोट बघितलंस?" बाकी टाळ्यांचा विषयही काढला नाही.

आपल्या कोल्हापूरला अशी जाणून दिलेली दाद नवी नाही, फक्त आपण ते कुस्तीत करतो आणि गाण्यात विसरतो. खासबागेत चांगली जोड लागली की मैदान कसं बसतं! उगाच आरडाओरडा नाही. पट काढायला कोण वाकला, कुणाचा पाय आत गेला, डाव लागणार का निसटणार हे हजारो माणसं एकदम ताडत असतात, आणि डाव बसला की एकच गर्जना. खासबागेचा शौकीन चीतपट व्हायच्या आधी टाळी वाजवत नाही आणि झाल्यावर गप्पही राहत नाही. खासबाग मैदान १९१२ चं आणि त्याला लागूनच उभं राहिलेलं पॅलेस थिएटर १९१५ चं, दोन्ही शाहू महाराजांची. एकाच गावाची माणसं, भिंतीच्या अलीकडं कुस्ती बघायची आणि पलीकडं नाट्यपद ऐकायची. ते थिएटर पुढं गायक-नट केशवराव भोसल्यांच्या नावाचं नाट्यगृह झालं आणि ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, जळालं. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या रस्त्यानं जायचं म्हटलं की कुणी तरी दुसरा रस्ता सुचवतं.

नाट्यपदाला वन्समोअर घेणारे तिथले प्रेक्षक सभ्य होते असं कुणी म्हणणार नाही. पण पदातलं काय परत हवंय ते त्यांना माहीत असायचं. मागणी त्या जागेची असायची.

आजची दाद कशाला जाते? वेगाला. कालही द्रुत तान तार षड्जाला भिडली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला, त्यात मुखडा समेवर उतरलेलाच ऐकू आला नाही. तबलजीनं तिहाई घेतली, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून सम गाठली, टाळ्या. मंद्रातला, खालच्या सप्तकातला, तो शुद्ध कल्याणचा गंधार, ज्याच्यासाठी माझ्यासारखी बाई गुडघे दुखत असताना तीन तास बसते, त्याला काही नाही. गाणारे बघत असतात की इथं काय खपतं. चार गावांत वेगालाच टाळी मिळाली की पाचव्या गावात विलंबित आटोपतं घेतलं जातं आणि वेगाचा तराणा लांबतो. जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांची पेचदार गायकी ज्या गावात दरबारी आश्रयानं वर्षानुवर्षं गायली गेली, जिथं त्यांच्या मुलानं, भूर्जीखाँसाहेबांनी, शिष्य तयार केले, जिथं याच घराण्याच्या गायिका धोंडूताई कुलकर्णी जन्मल्या, त्या गावात हे होतंय म्हणून जास्त टोचतं. उगाच जुन्याचे गोडवे गात नाही. तेव्हाही दरबारात जांभया देणारे सरदार असणारच.

भाच्याला म्हटलं, तुझ्या शोला मी येईन, पण तिथं तुला काय खटकतं ते सांग. एवढा वेळ तो हसत होता, आता तावातावानं सांगायला लागला. "समोरचा माणूस दोन्ही हातांनी मोबाइल वर धरतो आणि आख्खं गाणं शूट करतो. मला स्टेज दिसतच नाही, त्याच्या स्क्रीनवर बघायचं. ते पण तो बघत नाही, रेकॉर्डिंग चालू आहे का ते बघतो. आणि हिट गाणं संपलं की नवीन गाण्याला लोक गप्पा मारायला लागतात. तो बिचारा ते गाणं पहिल्यांदा म्हणत असतो!"

मी काही बोलले नाही. मिसळीचा कट संपला होता, पाव उरले होते. अभंगाच्या कार्यक्रमात विठ्ठलाचा गजर सुरू झाला की मीही टाळ्यांचा ठेका धरते, तिथं हात बांधून बसणं वाईट दिसतं. त्याच्या शोला सगळ्यांनी मिळून गायचं तर गावं. ख्यालाला, म्हणजे असल्या रागगायनाला, मुखड्यावर टाळ्यांचा ठेका धरणाऱ्याला मात्र रांगेतून उठवावं. गेल्या वर्षी एकानं धरला होता. तबलजी लय सांभाळत होता, सभागृह आपली वेगळीच चालवत होतं, आणि शेवटी तबलजीनंच हात जोडले.

फर्माइशीच्या चिठ्ठ्यांबद्दल लिहायचं राहिलं. ख्याल गाणाऱ्या बाईंना विलंबित चालू असताना "एखादा अभंग होऊ द्या" अशी चिठ्ठी काल स्टेजवर पोचली. पोचवणारा स्वयंसेवक वाकून, मायकच्या वायरला अडखळत गेला. बाईंनी चिठ्ठी न वाचता मांडीखाली ठेवली. फर्माईश करू नये असं मी म्हणणार नाही, पण मध्यंतरात संस्थेच्या माणसाकडे द्यावी आणि विसरून जावी.

मंगळवार

आज संस्थेच्या सेक्रेटरींना फोन केला. शांतपणे बोलायचं ठरवून. म्हटलं, सत्कार मध्यंतरात ठेवा, ख्याल सुरू झाला की दारं लावा, उशिरा येणाऱ्यांना तो संपल्यावर सोडा, आणि पाहुणे गेले की पुढच्या जागा पायऱ्यांवरच्यांना द्या.

"मॅडम, सत्कार मध्यंतरात ठेवला तर पाहुणे तोपर्यंत थांबत नाहीत."

"नाही थांबले तर बरंच की."

ते हसले. मग जरा वेळानं म्हणाले, "हॉलचं भाडं त्यांनी भरलंय मॅडम. साउंडवाल्याचं, पत्रिकांच्या छपाईचं, बाईंच्या गाडीचं. तुम्हा लोकांना पास लागतात. तेही घरटी चार."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण आमच्या घरात तीन पास आलेले आणि एक तसाच फ्रिजवर चिकटलेला आहे. मुंबई-पुण्याच्या महोत्सवांना माणसं तिकीट काढून, सतरंजी बगलेत मारून जातात. आम्ही भारतीय बैठकीची जागा असली तरी खुर्ची कुठाय विचारतो. फुकट ऐकायचं तर पहिल्या रांगेत कुणाला बसवायचं ते पैसे भरणाराच ठरवणार. आणि तो गाण्यासाठी आलेला नसतो, हे त्याला, संस्थेला आणि गाणाऱ्या बाईंना, तिघांनाही आधीपासून ठाऊक असतं. त्या सोफ्यांवर मी दोन दिवस चिडून होते. आता चिड तेवढीच आहे, फक्त कुणावर धरायची ते कळेना.

सेक्रेटरी म्हणाले, "पुढच्या बैठकीला तिकीट लावून बघू, दोनशे रुपये. सत्कार एकही नको. पण तुम्ही किती खपवणार ते सांगा."

तोंडातून दहा निघून गेलं. भिशीतल्या बायकांना विचारलं तर त्यातली एक म्हणाली, "दोनशे? आणि मध्ये चहा?" चहा नाही म्हटल्यावर विचार करून सांगते म्हणाली. वहीच्या मागच्या पानावर नावं लिहायला घेतलीत. पहिलं भाच्याचं लिहिलंय. त्याला अजून विचारायचंय.