पीनट बटरनं जाळलेला मिक्सर

लातूरला गंजगोलाईजवळ माझं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. जळालेला मिक्सर आला की मी वास घेऊनच सांगतो, मसाला होता की डाळ. त्या दिवशी मात्र अंदाज लागेना.

एक बाई आणि तिचा कॉलेजातला पोरगा आले. "मामा, धूर येलालाय यातनं," पोरगा म्हणाला. आईनं पुढचं सांगून टाकलं, "जिमला जातोय ना. शेंगदाण्याचं बटर करलालता. विकतचं परवडंना म्हणं."

खालचं कव्हर काढलं. आर्मेचर, म्हणजे मोटरीचा फिरणारा तारांचा गाभा, काळं पडलेलं, तारांवरचं वार्निश जळालेलं. भांड्याचा बुश, म्हणजे पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळी, झिजलेला, त्यातून तेल झिरपून भांडं मोटरीला जोडणाऱ्या कपलरखाली चिकटा जमलेला. भांड्यात राखाडी गोळा, चमच्यानं उकरला तर ढेकळासारखा निघाला.

"पाणी घातलंस का रे?"

"थोडंच. फिरतच नव्हतं."

"आणि खालचं लाल बटण?"

"उडलं की दाबलालतो."

शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल असतं, पेस्ट सैल होते ती त्याच्यावर. पाणी पडलं की दाण्याचा पिठूळ भाग ते शोषतो आणि आणखीच आवळून बसतो. मग मरण मोटरीचं. भार वाढला की तिचे फेरे कमी होतात, करंट ती जास्त ओढते, आणि गार करणारा पंखा तिच्याच दांड्यावर, म्हणजे नेमका तेव्हाच वाराही कमी. म्हणून तर मोटर वाचवायला ते लाल बटण उडतं. ते उडालं की मोटर निवू द्यायची. पण कोण ऐकतं!

पोराला पटेना. म्हणाला, व्हिडिओत दोन मिनिटांत होतं. दुकानात ७५० वॅटचा माझा चालू मिक्सर होता. आईच उठली, समोरच्या फुटाणेवाल्याकडून पावशेर गरम भाजके दाणे घेऊन आली. सालं चोळून फुंकली, काळे-सुरकुतलेले दाणे वेचून टाकले. भांडं अर्धंच भरलं.

थोडं फिरवलं, कूट झालं. आणखी थोडं, तर कूट ओलसर होऊन भिंतीला चिकटायला लागलं. बाईंचा हात आपसूक बटणाकडे गेला. "बास बास, तेल सुटलालंय!" बरोबरच होतं त्यांचं. खिचडीत घालायचं कूट मोकळं लागतं, त्यामुळं जन्मभर त्या इथंच थांबत आल्या. पोराला हवं होतं ते याच्या पुढं.

मी बंद केला, कडा खरवडल्या, मोटर निवू दिली. पुन्हा चालू केल्यावर गोळा झाला आणि आवाज जड झाला. माझे कान तिथंच असतात. या आवाजात लोक एक तर पाणी ओततात, नाहीतर रेटत राहतात. मी परत थांबलो, खरवडलं, थांबत थांबत फिरवत राहिलो. मग एकदम गोळा मोडला, आवाज मोकळा झाला आणि पात्यांवरून पातळ, चकचकीत धार फिरायला लागली. चिमूटभर मीठ टाकलं, बस्स.

पोरानं गूळ घालू का विचारलं. गुळातही पाणी असतं, पुन्हा आवळेल. खाताना वरून घे म्हटलं. बरणीत दोन दिवसांनी तेल वर आलं तर खराब झालं समजू नको, हलवून घे, हेही सांगितलं.

बाईंनी बोटावर घेऊन चाखलं. "उखळातल्या चटणीवाणीच लागलालंय की, नुसतं तिखट नाही."

आर्मेचर, त्याला करंट देणारे कार्बन आणि बुश, तिन्ही बदलावे लागले. बिल बघून पोरगा म्हणाला, "मामा, बदामाचंबी असंच होतं का?"

आईनं बिलाचा कागद त्याच्याच हातात दिला.