क्विटोच्या मिशन शाळेत लेकीचा प्रवेश: माझा अनुभव

नवऱ्याची बदली इक्वेडोरला झाली तेव्हा लेकीची सहावी नुकतीच संपली होती. स्पॅनिशचं एक अक्षर तिला येत नव्हतं. क्विटोतल्या बड्या आंतरराष्ट्रीय शाळांची फी आम्हाला झेपणारी नव्हती, आणि निव्वळ स्पॅनिश शाळेत या वयाची पोर एकदम लोटायला मन होईना. शेवटी इव्हँजेलिकल, म्हणजे प्रत्येकाने स्वतः येशूला स्वीकारावं असं मानणाऱ्या, मिशनऱ्यांच्या एका द्विभाषिक शाळेचं नाव कळलं. काही विषय इंग्रजीत, काही स्पॅनिशमध्ये आणि रोज बायबलचा तास. या शहराला असल्या शाळा नव्या नाहीत. अलायन्स मिशनने आपल्या मिशनऱ्यांच्या मुलांसाठी १९२९ सालीच इथे शाळा काढली होती. आम्ही गेलो ती शाळा त्याच वळणाची, पण बरीच लहान.

आम्ही नगरचे, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीतले. सासर-माहेर दोन्हीकडच्या पिढ्या मिशन शाळांत शिकलेल्या, म्हणून मला वाटलं, हे तर घरचंच. पण नगरला अमेरिकन मराठी मिशनने शाळा काढल्या त्या आमच्यासाठी. मिशनऱ्यांची स्वतःची मुलं कोडाईकनालला नाहीतर मसुरीला जायची. इथे मात्र दोघं एकाच बाकावर. प्रवेशअर्जावरही दोनच प्रकारची कुटुंबं छापलेली: मिशनरी आणि स्थानिक. आम्ही ख्रिस्ती, पण मिशनरी नव्हे; क्विटोत राहणार, पण स्थानिकही नव्हे. पुढची सगळी ओढाताण त्यातूनच झाली.

सुरुवात नावापासून. तिथे माणसाला दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं, मग आईचं, आणि लग्नानंतर बाईचं आडनाव बदलत नाही. आमच्याकडे लेकीच्या नावामागे बापाचं नाव, आणि आईबापांचं आडनाव एकच. कार्यालयातल्या बाईंनी आमचे पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि फार संकोचून विचारलं, तुम्ही दोघं चुलत भावंडं आहात का? मी जन्मदाखला, विवाहदाखला सगळं पुढे केलं. शेवटी लेकीच्या दुसऱ्या आडनावाच्या जागी माझं माहेरचं आडनाव न लिहिता रेघ मारली गेली, कारण पासपोर्टवर जे नाही ते नोंदवता येत नाही. हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा: जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि प्रगतिपुस्तकं यांवर निघण्याआधीच अपॉस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का, करून घ्या. भारत आणि इक्वेडोर दोघेही २००५ पासून हा शिक्का मानणाऱ्या देशांच्या करारात आहेत, त्यामुळे वकिलातीचे खेटे वाचतात. आधी राज्याचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा. स्पॅनिश भाषांतर तिथे जाऊन नोटरीसमोर करता येतं.

इयत्तेचं गणित वेगळंच. त्यांची पहिली पाचव्या वर्षी सुरू होते, म्हणून आपली सातवी ती त्यांची आठवी. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या खूश, नातीने एक वर्ष उडी मारली म्हणून! गुण दहापैकी देतात आणि पास व्हायला सात लागतात. आमच्या प्रगतिपुस्तकावर अ-१, ब-१ अशा श्रेण्या. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी श्रेण्यांचं टक्केवारीत कोष्टक करून सही-शिक्क्यानिशी पाठवलं तेव्हा कुठे तो कागद पुढे सरकला.

सगळ्यात अवघड होतं ते साक्षीचं, म्हणजे आपल्या श्रद्धेची कहाणी लिहिण्याचं पान. 'तुम्ही प्रभू येशूला आपला तारणारा म्हणून केव्हा स्वीकारलं?' असा प्रश्न, आई आणि वडील दोघांना वेगवेगळा. आमचा बाप्तिस्मा पाळण्यात झालेला, पुढे दृढीकरण, म्हणजे मोठं झाल्यावर तोच विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी, आणि दर रविवारी उपासना. अमुक तारखेला आयुष्य पालटलं असं सांगण्यासारखं काही नाही. पाळकांचं शिफारसपत्रही हवं होतं, म्हणून नगरला फोन लावला.

"सलाम पाळकसाहेब, काय लिहू?"

"अगं, जे आहे ते लिही. आजीच्या मांडीवर बसून प्रार्थना शिकलीस ना? मग तेच लिही."

तेच लिहिलं.

मुलाखतीला तिघे होते, त्यांतल्या एक शिक्षिका मूळच्या चिलीच्या. नगर कुठे आहे ते समजावताना मी पंडिता रमाबाईंच्या केडगावचा उल्लेख केला, तो माझ्याकडून केवळ ठिकाणाची खूण म्हणून. बाई एकदम पुढे झुकल्या. "मुक्ती?" १९०५ साली केडगावला, रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये झालेलं संजीवन, म्हणजे श्रद्धेच्या जागृतीची लाट, आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. मला ठाऊक नव्हता तो पुढचा भाग त्यांनी सांगितला. मुक्ती मिशनमध्ये काम करणाऱ्या मिनी अब्राम्स यांनी त्या संजीवनावर पुस्तिका लिहिली आणि चिलीत वालपराइसोला असलेल्या आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला, मिसेस हूवरना पाठवली. ती वाचून तिथल्या मेथडिस्ट मंडळीने प्रार्थना सुरू केल्या, १९०९ साली संजीवन झालं, आणि पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या चिलीतल्या पेंटेकॉस्टल मंडळ्या तिथूनच वाढल्या. बाईंची आजी त्याच मंडळीतली. मुलाखतीतला निम्मा वेळ आम्ही दौंड तालुक्यातल्या एका गावाबद्दल बोलत होतो. शाळेचे अमेरिकन मुख्याध्यापक नुसते ऐकत बसले.

याने फी मात्र कमी झाली नाही. मिशनरी कुटुंबांना सवलत असते, कारण त्यांचा खर्च मायदेशातल्या मंडळ्यांच्या देणग्यांवर चालतो. बऱ्याच शिक्षकांचा पगारही तसाच येतो. कंपनीची नोकरी म्हटल्यावर आम्हाला पूर्ण दर. वर्षातून एकदा मात्रिकुला, म्हणजे नोंदणीचे पैसे, आणि वर दहा महिन्यांची पेन्सिऑन, म्हणजे दरमहाची फी. मला तो हिशेब रास्त वाटला. नवऱ्याला अजून वाटत नाही.

गणित आणि इंग्रजीची चाचणी लेकीने सहज दिली. स्पॅनिशचा कागद कोराच राहिला, म्हणून प्रवेश सशर्त मिळाला: शाळा सुटल्यावर वर्षभर स्पॅनिशची जादा शिकवणी. सप्टेंबरात शाळा सुरू झाली. पहिले काही दिवस क्विटोच्या २,८५० मीटर उंचीवर खेळाच्या तासाला तिला धाप लागायची. समाजशास्त्र पूर्ण स्पॅनिशमध्ये, तिथे ती नुसती बसून यायची. शेजारी बसणारी इक्वेडोरची मुलगी तिला स्पॅनिश सांगायची आणि तिच्याकडून इंग्रजीचा गृहपाठ करून घ्यायची. शिक्षकांना हे ठाऊक असावं, पण कोणी अडवलं नाही. पहिल्या सत्रात समाजशास्त्रात सहा आले, म्हणजे नापास. दुसऱ्यात साडेसात.